जाळी उघडली का?

त्यांना सगळे जाळीवाल्या बाईच म्हणत. उपग्रहांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, बिनखिडकीच्या खोलीत, नखशिखांत पांढरा पोशाख घालून त्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची जाळी शिवत. तार केसाहून बारीक. भिंगाखाली एकेक टाका घालायचा आणि शेवटी अख्खी जाळी छत्रीसारखी मिटवून नळकांड्यात बसवायची. अवकाशात गेल्यावर ती आपोआप उघडणार, एखाद्या मैदानाएवढी. कशासाठी, ते कोणी सांगितलं नव्हतं. पण एवढी मोठी जाळी दुसऱ्यांचे संदेश चोरून ऐकायलाच लागते, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळत होतं. फक्त बोलायची बंदी होती.

शेवटच्या चाचणीत जाळी छताला टांगून उघडली, तेव्हा एका कडेला घडी अडकली. बाईंनी ती कड उसवून नव्याने शिवली आणि पुन्हा चाचणी घ्या म्हणून साहेबांच्या मागे लागल्या.

"वेळ नाही, बाई. उड्डाणाची तारीख ठरलीय," साहेब म्हणाले. जाळी तशीच गेली.

उड्डाणाच्या दिवशी त्या नवऱ्याबरोबर टीव्हीसमोर बसल्या. रॉकेट सरळ वर गेलं. टोकावरचं झाकण गळून पडलं आणि निवेदिका गोड हसून म्हणाली, "मोहीम गोपनीय असल्याने थेट प्रक्षेपण इथेच थांबवत आहोत." लगेच गादीची जाहिरात सुरू झाली.

"झालं? पुढे काय?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय विचारता? मला कोण सांगतंय?"

"दुसऱ्यांचं ऐकायला एवढा खटाटोप. त्यापेक्षा आमच्या आत्याला वर पाठवायचं."

एरवी त्या पोट धरून हसल्या असत्या. त्या उठून आत गेल्या आणि धुतलेलीच भांडी परत घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'उड्डाण यशस्वी' असं छापून आलं. उड्डाण यशस्वी, जाळीचं काय? त्यांनी साहेबांना गाठलं.

"उघडली का?"

"बाई, आपलं काम कारखान्याच्या दारापर्यंत."

"दारापर्यंत कसं? टाके माझे आहेत."

"खरं सांगू? मलाही कोणी सांगत नाही." साहेबांनी नजर चुकवली. खरं बोलतायत की टाळतायत, ते बाईंना कळेना. पुढे जेवताना, काम करताना, अंथरुणावर पडल्यावरही त्यांना तीच कड दिसायची. कधी अडकलेली, कधी सुटलेली.

काही महिन्यांनी नवीन ऑर्डर आली. तीच जाळी, तेच माप.

"पहिली चालली म्हणून दुसरी, की बिघडली म्हणून?"

"काम आलं ना? मग झालं तर."

"या वेळी कड दुरुस्त करावी लागली, तर चाचणी परत घ्यायची. आत्ताच सांगून ठेवते."

"बघतो," साहेब म्हणाले.

साहेबांचं 'बघतो' म्हणजे नाही, हे बाईंना पाठ होतं. त्या जागेवर येऊन बसल्या, पण रागात टाका घालायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्या बाहेर आल्या, हातमोजे काढले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. राग उतरायला बराच वेळ लागला. मग आत जाऊन त्यांनी कामाला सुरुवात केली, ती त्याच कडेपासून.