कागदाची मागची बाजू

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला पौडचा तो शिंपीकाम करणारा माणूस आठवतो. तो आखातात नोकरीला होता आणि सुट्टीवर घरी आला होता. मी तेव्हा एका दैनिकाला बातम्या पाठवत असे, आणि गावात कुणाला इंग्रजी कागद आला की तो वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येत. ट्रंकेतून काढलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा कागद पुढे करून तो म्हणाला, "साहेब, पाच म्हैनं झालं येऊन. भनीचा निकाह दोन म्हैन्यांनी हाय. व्हिसा तवर चालंल न्हवं?" दुपारच्या एसटीने बातम्यांचं पाकीट पाठवायचं होतं, मी घाईत होतो. तारीख पाहिली आणि म्हणालो, "अजून दोन वर्षं आहेत. निकाह लावूनच जा." तो थांबला. निकाहानंतर निघाला, तेव्हा मुंबईच्या विमानतळावरून, सहा महिने उलटले म्हणून व्हिसा गेला असं सांगून, त्याला परत पाठवलं. त्याने तोच कागद पुन्हा माझ्या टेबलावर ठेवला. मी उलटून पाहिला. मागे बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: सलग सहा महिने त्या देशाबाहेर राहिल्यास व्हिसा रद्द. "ह्यात तसं कुटं लिवलंय का, साहेब?" मी म्हणालो, "नाही." "मग नशीबच म्हनायचं," म्हणत त्याने कागदाची घडी घातली. पुढे तो उरवड्याच्या कारखान्यात लागला. एसटीत भेटला की "या साहेब" म्हणून सरकून जागा करायचा, आणि मी बसायचो. त्या दोन ओळींबद्दल आज प्रथमच लिहितो आहे.