आमचं बरं चाललंय

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गिरणीच्या गावात क्लॉडेटला सगळे मावशीच म्हणायचे. आठवडाभर ती शाळेच्या खानावळीत पोरांच्या ताटात बटाटे वाढायची आणि शनिवारी सकाळी वाचनालयातल्या हीटरजवळ बसून त्याच पोरांच्या आईबापांकडून कॉलेजच्या मदतीचे सरकारी फॉर्म भरून घ्यायची. पैसे? छे! कुणी ब्राऊन ब्रेड आणून दिला तर दिला. पण तिच्या तोंडाला भलेभले टरकायचे. कॉलेजचं पत्र घेऊन कुणी नाचत आलं की ती म्हणणार, "नाच नंतर. यातली मदत किती आणि कर्ज किती, ते आधी वाच."

त्या एप्रिलात नॉर्मंड गॅन्यो आला, टोपी हातात चुरगाळत. त्याच्या लेकीला, जोसलिनला, नर्सिंगला जागा मिळाली होती, पण मदत अगदी नावापुरती. एक मेच्या आत होकार कळवला नाही तर जागा गेली. भानगड अशी की फॉर्म दोन वर्षांपूर्वीची कमाई विचारतो. तेव्हा नॉर्मंड जादा पाळ्या करून बक्कळ कमवत होता. गिरणीला कुलूप लागून चौदा महिने झाले, हे त्या फॉर्मला कुठून कळणार?

"मग तू कळव की!" मावशी म्हणाली. "कॉलेजला पत्र लिही. फेरविचार करतात ते. पण तुझ्या हातानं लिही, मी लिहून देणार नाही."

पाऊण तास पेन चावून नॉर्मंडने चार ओळी लिहिल्या. 'गिरणी बंद झाली आहे. तरी आमचं बरं चाललंय. आमच्याहून गरजू लोक असतील, त्यांना आधी द्यावं. आभारी आहे.'

मावशीने कपाळावर हात मारला. "अरे, मदत मागतोयस की खुशाली कळवतोयस?"

"मावशी, आमच्या घरात कुणी कधी हात पसरला नाही."

"मोठा आलाय!" म्हणत तिने पर्समधून घड्या पडलेला एक कागद काढला. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याची पाठ कामावर मोडली, तेव्हा मुलासाठी तिने कॉलेजला लिहिलेल्या पत्राची ती नक्कल होती. शेवटची ओळ नॉर्मंडने वाचली. 'आमचं बरं चाललंय. आभारी आहे.'

"त्यांनी विश्वास ठेवला," मावशी म्हणाली. "का नाही ठेवणार? मीच लिहिलं होतं. मार्क आज ट्रक चालवतो. चांगला चालवतो, तक्रार नाही. पण त्याला पूल बांधायचे होते रे." तिने कागद पुन्हा घडी घालून पर्समध्ये कोंबला. "आता एक कर. काही मागू नकोस. परवाच्या मंगळवारी काय काय केलंस, तेवढंच लिही."

नॉर्मंडने लिहिलं. 'पहाटे साडेचारला जाग आली. कामाचा डबा भरला. मग आठवलं. डबा तिथेच, स्वयंपाकघरात बसून खाल्ला. दुपारी दोन घरांपुढचा बर्फ उपसला. संध्याकाळी बायको दुसऱ्या नोकरीवर गेली. जोसलिनने विचारलं, मी कॉलेजला नाही गेले तर चालेल का? मी काही बोललो नाही.'

मावशीने एक अक्षर बदललं नाही. गिरणी बंद झाल्याची नोटीस जोडली आणि पत्र त्याच दिवशी टाकलं.

मुदतीला तीन दिवस उरले असताना जेवणाच्या रांगेत जोसलिन उड्या मारत आली.

"नाच नंतर–"

"वाचलंय मावशी! मदत तिप्पट झाली, कर्ज अगदी थोडं!"

मावशीने तिच्या ताटात बटाट्यांचा डोंगर रचला आणि डोळ्यांत वाफ गेली म्हणत ते पुसले.

शनिवारी नॉर्मंड घरच्या बीन्सचं भांडं घेऊन वाचनालयात हजर झाला. "मावशी, ते तुझं जुनं पत्र आता फाडून टाक. किती दिवस जीव जाळणार?"

"फाडते कसली!" तिने दाराकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई कोटाची बटणं गच्च लावून उभी होती आणि आपण नुसतं ऊब घ्यायला आलोय, असं ग्रंथपालाला सांगत होती. हातात कॉलेजचा लिफाफा.

"ती बघ," मावशी म्हणाली, "तिचंही बरं चाललंय."

नॉर्मंड उठला आणि त्याने त्या बाईसाठी खुर्ची ओढली.