रत्नपालला क्यामेरा पसंत पडत नाही

वर्ष झालं, रत्नपालला क्यामेरा पसंत पडून नाही राहिला.

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळेचं काम बघणारा हा माणूस, आणि वीस वर्षं झाली, सुट्टी आली की धरणावर पाखरांचे फोटो काढतो. दुसरं कुठलंच वेड नाही. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. जुना क्यामेरा आता पार थकलाय, बटण दाबलं की आधी विचार करतो, मग फोटो काढतो. म्हणून नवा घ्यायचा. घरात कुणाची ना नाही. पण हा हिंगोलीला जातो, परभणीला जातो, खिशातून स्वतःचं मेमरी कार्ड काढून दुकानातल्या क्यामेऱ्यात घालतो, चार फोटो काढतो, घरी येऊन ते कॉम्प्युटरवर मोठे करून करून बघतो आणि म्हणतो, "न्हाई जमत."

फाट्यावरचा चहावाला मुंजाजी तर त्याला बघितलं की सुरूच.

"जय भीम रत्नपालभाऊ! क्यामेरा पाहून राहिले का सून? पोहे खाऊन येता अन् नकार कळवता!"

सगळे हसतात. रत्नपालही हसतो. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून.

दोन्ही हातांनी काहून, ते त्याला एकट्यालाच माहीत. मागच्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरायला लागला होता. थोडाच. पण लांब लेन्सच्या टोकाला तेवढं थोडंही भूकंपासारखं दिसतं. दवाखान्यात गेला नाही. घरी बोलला नाही. शाळेत ॲसिड डाव्या हातानं ओतायला शिकला. आणि रात्रंदिवस मोबाईलवर वाचत बसला, कारण नव्या क्यामेऱ्यांत म्हणे आतच काहीतरी असतं, हात हलला तरी फोटो हलत नाही. त्याला दुसरं काहीच नको होतं. आपला हात झाकणारा क्यामेरा पाहिजे होता.

त्याला एकच फोटो राहिला होता. सुरय नावाचं पाखरू पहाटे पाण्यावर झेप घेतं, चोच पाण्यात बुडवून मासा उचलतं, तो क्षण. धरणावर मासे धरणाऱ्या जळबाच्या होडीतूनच तो मिळतो, आणि होडीत क्यामेऱ्याचा स्टँड उभा राहत नाही. उजेड कमी. आयएसओ वाढवून फोटो उजळवला तर दाणे येऊन पिसांचा पार भुगा होतो. म्हणजे सगळं हातावरच.

शेवटी नांदेडचं मोठं दुकान. सोबत लेक साक्षी, बी.एस्सी.ला आहे, कॉलेज बुडवून आली. दुकानदारानं सगळ्यात भारी क्यामेरा समोर ठेवला. "सर, इसके ऊपर कुछ नहीं." रत्नपालनं कार्ड घातलं. रस्त्यापलीकडच्या वायरवर एक कबुतर बसलेलं. शटर मुद्दाम हळू ठेवलं, पहाटे ठेवावं लागतं तेवढंच. श्वास रोखला. दाबलं.

मोठं करून बघितलं. प्रत्येक पिसाला दोन दोन कडा. फोकस चुकला असता तर मागची वायर तरी नीट आली असती, भिंत तरी आली असती. इथं काहीच नीट नव्हतं. वीस वर्षं फोटो काढणारा माणूस तो, त्याला बराबर कळलं, हातच हलला.

"पप्पा, द्या ना मला!" साक्षीनं ओढूनच घेतला. खांद्यावर बॅग तशीच, धड उभी पण नव्हती. एकदाच दाबलं.

कबुतराच्या डोळ्याभोवतीचं लाल कडं सुद्धा स्वच्छ.

"अय्योऽ! पप्पा बघा ना, किती भारी! हाच घ्या!"

रत्नपाल त्या डोळ्याकडं बघत राहिला. मग कार्ड काढलं. बोटातून दोनदा निसटलं.

"न्हाई. फोकस न्हाई धरत ह्यो."

"काय बोलून राहिले? माझा तर धरला!"

"तुला काय कळतं त्यातलं?" तो खेकसला. दुकानात, सगळ्यांसमोर. तो आजपर्यंत तिला असं कधी बोलला नव्हता.

साक्षीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "तुमाला घ्यायचाच नसतो क्यामेरा! लोक हसतात तुमाला, माहीत हाय का? मला लाज वाटते!"

त्याला वाटलं, सांगून टाकावं. हात पुढं करावा, म्हणावं, बघ. पण मग ती घरी सांगेल, मग दवाखाना, मग जळबा म्हणेल होडीत नका येऊ. त्यापेक्षा नखरेवाला बाप बरा. त्यानं हात खिशात घातला.

बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली.

फाट्यावर उतरले तर मुंजाजी तयारच. "काय मग, नांदेडची तरी पसंत पडली का?"

"न्हाई," रत्नपाल म्हणाला. "नाक वाकडं व्हतं."

हॉटेलात हशा पिकला. कुणीतरी बाकडं बडवलं. साक्षी पाय आपटत पुढं निघून गेली. मुंजाजीनं चहा पुढं केला.

"नको आज," रत्नपाल म्हणाला. हात त्यानं खिशातून काढलाच नाही.