गारा विहिरीपर्यंतच पडल्या

आमच्याकडे द्राक्षबाग गेली की लोक भेटायला येतात, अगदी मयताला येतात तसे. बायका ओट्यावर टेकतात, पुरुष अंगणात खुर्च्या ओढून बसतात, कोणीतरी पाण्याचा तांब्या फिरवतं आणि बराच वेळ गप्प राहून झालं की एखादा म्हणतोच, "आपल्या हातात काय हाय?" या वाक्याचा मला पूर्वी फार राग यायचा. हातात काही नाही हे सांगायला एवढ्या लांब कशाला यायचं, असं वाटायचं. पण माझी बाग गेली तेव्हा तेच वाक्य ऐकायला मी दोन दिवस दारात घुटमळत होते आणि कोणीही आलं नाही.

कारण साधं होतं. गारांचा पट्टा आमच्या शिवारातून तिरका गेला होता. पट्ट्यात सापडलेले आपापल्या घरी डोक्याला हात लावून बसले होते, ते कोणाकडे जाणार? आणि ज्यांची वाचली, ते अशा वेळी गेलेल्याच्या दारात पाय ठेवत नाहीत. तोंड पाडून बसलं तर खोटं वाटतं, नाही पाडलं तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्यापेक्षा न आलेलं बरं, अशी आमच्याकडची रीत आहे. रीत बरोबर असेलही. मला मात्र तेव्हा ती मुळीच बरोबर वाटली नाही.

माझं शेत सायखेड्याच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून चांगलंच आत. मालक जाऊन काही वर्षं झाली. एकच मुलगी, ती मनमाडला. जावई रेल्वेत आहेत. फोनवर ती दर वेळी म्हणते, आई, शेत वाट्याने दे आणि इकडे ये. मी जाऊन पाहिलं. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघायची आणि मधल्या वेळात मालगाडीचे डबे मोजायचे, हा तिथला दिनक्रम. चार दिवसांत परत आले. लेकीला वाईट वाटलं, पण बागेला पाणी द्यायचं आहे हे कारण कधीही चालतं.

खरं कारण वेगळं होतं. बांधापलीकडे भाऊंची बाग आहे. भाऊ म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत, बांधाला बांध लागलेले शेजारी आणि आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे सोबती. सकाळी ते मोटार सुरू करायला आले की पलीकडून विचारायचे, "वहिनी, आज काय मारताय?" मी औषधाचं नाव सांगायचे. ते आभाळाकडे बघून म्हणायचे, "ढग हायेत. उद्या मारा." मी म्हणायचे, "मग आज काय बागेची आरती करू?" ते हसायचे आणि आपल्या कामाला लागायचे. एवढंच बोलणं. मजूर बायका असल्या की बागेत गलका असतो, पण त्या आपसात बोलतात, मालकिणीशी कामापुरतं. स्वयंपाक एकटीचा, टीव्ही एकटीचा. दिवसभरात माझ्याशी माझ्यासारखं बोलणारा तो एकच आवाज होता, आणि तो आहे तोवर मला एकटीला शेत झेपत होतं. हे मी लेकीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला भलतंच काही वाटलं असतं.

गारा आल्या तेव्हा माल उतरायला आठवडाभर राहिला होता. घडांना पेपर लावून झाले होते. उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आम्ही एकेका घडाला रद्दीचा कागद गुंडाळतो, फार चिकट काम असतं ते. दुपार कलली तशी वाऱ्याने दिशा बदलली आणि आभाळ पिवळट दिसायला लागलं. मी बागेच्या मधोमध असलेल्या विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत शिरले. वर पत्रा. गारा पत्र्यावर पडायला लागल्या तेव्हा दुसरं काही ऐकूच येईना. मी ओरडत होते, हे मला नंतर घसा बसल्यावर कळलं.

बाहेर आले तर जमीन पांढरी. वेलीवर पान राहिलं नव्हतं. मणी फुटून रस गळत होता आणि सगळ्या बागेत गोड वास सुटला होता. तो वास मला एरवी आवडतो. कागद फाटून घडांना चिकटले होते. एका घडावर मोठ्या अक्षरात बातमी होती, तातडीने पंचनामे करण्याचे आदेश. मी तारीख पाहिली. मागच्या वर्षीच्या गारपिटीची होती. मला हसू आलं, आणि मग तिथेच चिखलात बसून रडले.

उठले तेव्हा पलीकडे पाहिलं. भाऊंची बाग हिरवीगार उभी होती. पावसाला बांध कळत नाही म्हणतात, पण गारांना जवळजवळ कळला होता. जवळजवळ एवढ्यासाठी म्हणते की त्यांच्या बांधालगतच्या दोन ओळींनाही झोड बसली होती. भाऊ आणि त्यांची बायको वाकून तिथले मार लागलेले घड कापत होते, क्रेटमध्ये भरून नाल्याकडे नेत होते. दिवे लागायच्या आत त्या ओळी साफ झाल्या. व्यापाऱ्याला बागेत गार पडल्याचं नुसतं कळलं तरी तो भाव पाडतो, कधी सौदाच मोडतो, कारण मुका मार आज दिसत नाही, गाडीत चार दिवसांनी दिसतो. भाऊ करत होते ते सगळेच करतात. आमच्या ह्यांनीही केलं असतं. त्यांनी मान वर केली, मी उभी दिसले, आणि त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, पण माणसाचा आला नाही.

मग पाहणी दौरे सुरू झाले. गाड्यांचा ताफा आला, पुढारी डांबरीच्या कडेच्या बागेत शिरले, फुटका घड हातात धरून फोटो झाले, शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणार नाही असं झालं. आमच्याकडचे पुढारी दुःखाला कधी कमी पडत नाहीत, फक्त बूट खराब होऊ देत नाहीत. माझ्या शेतापर्यंतचा रस्ता चिखलाचा होता.

पंचनाम्याला तलाठी बाई येणार होत्या, पण त्यांच्याकडे गावं बरीच. पंचनामा होईपर्यंत बाग साफ करू नका, असा गावात निरोप फिरला. म्हणजे नुकसान जागेवर दिसलं पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे. फुटके घड वेलीवर तसेच ठेवले की ते कुजतात, त्यांचं पाणी काडीवर, म्हणजे पुढचे घड धरणाऱ्या फांदीवर उतरतं, बुरशी येते. गेलेलं पीक दाखवायचं म्हणून पुढच्या वर्षीची काडीही घालवायची. मी रोज सकाळी बागेत जायचे आणि काहीही न करता परत यायचे. शेतात जाऊन काही न करण्याइतकं थकवणारं दुसरं काम नाही. गोड वासाचा आता आंबूस वास झाला होता आणि चिलटांचे थवे उठत होते.

एका दुपारी भाऊंची बायको डब्यात पुरणपोळी घेऊन आली. सण नव्हता. ती पोळी पाहूनच मी ओळखलं की काहीतरी मागायचं आहे. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, बांधाकडच्या वळी तेवढ्या मोकळ्या करता का? चिलटं लय येत्यात इकडं. व्यापारी आला का पयला वास घेतो."

"आणि पंचनामा?" मी विचारलं.

"ते म्हणलेत, पंच म्हणून मी उभा राहीन. गारा बांधापोत व्हत्या असं सांगीन. तुम्ही काळजी करू नका."

"मग हे त्यांनी स्वतः येऊन का नाही सांगितलं?"

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "त्यांना तोंड दाखवाया लाज वाटती, वहिनी."

मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. त्यांचा माल नीट गेला की लाज जाईल आणि सकाळचा आवाज परत येईल, असा माझा हिशेब होता. मजूर मिळेना, सगळ्या बायका वाचलेल्या बागांत काढणीला गेल्या होत्या. मी एकटीनेच विहिरीपासून बांधापर्यंतच्या ओळी साफ करायला घेतल्या. लेक म्हणाली होती म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढले. कुजका घड कापायचा, टोपलीत टाकायचा, टोपली खड्ड्यात रिकामी करायची. हात कोपरापर्यंत चिकट झाले, कंबर धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी वेलींच्या पलीकडून आवाज आला, "वहिनी, उन्हाचं नका करू."

मी "बरं" म्हटलं. नीट दिसलेही नाहीत ते. पण त्या चार शब्दांवर मी तो सगळा दिवस काढला, आणि संध्याकाळी किती दिवसांनी भाजी-भाकरी दोन्ही केली. माणसाला किती थोडं पुरतं, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. आज वाटते.

तलाठी बाई आल्या, त्या दिवशीच भाऊंची काढणी सुरू होती. पलीकडे बायकांचा गलका, क्रेट, नाल्याजवळ उभी गाडी. बाई तरुण होती, चप्पल हातात घेऊन चिखलातून आली होती, दमलेली होती. तिच्यावर माझा राग नाही. तिने विहिरीच्या अलीकडची कुजकी बाग पाहिली, फोटो घेतले. मग बांधाकडच्या ओळींकडे वळून विचारलं, "काकू, या बाजूला तर घडच नाहीत. इथला माल उतरवला का?"

मी सांगितलं की मार लागलेले घड मीच काढले, शेजारी त्रास होत होता म्हणून. मोबाईल पुढे केला. तिने फोटो सरकवून पाहिले आणि म्हणाली, "काकू, ह्यात सगळ्या ओळी सारख्याच दिसतात हो. ही कुठली, हे मी कशावरून लिहू? पंच कोण आहे?"

मी हाक मारली. भाऊ बांध ओलांडून आले. पण एकटे आले नाहीत. त्यांच्या मागोमाग व्यापारी आला, पांढरा शर्ट, हातात मोबाईल. इकडे काय चाललंय ते बघायला आला असेल. त्याची नजर आधी माझ्या उघड्या वेलींवर गेली, मग बांधावर, मग भाऊंच्या पहिल्या ओळीवर.

तलाठी बाईंनी विचारलं, "गारा कुठपर्यंत होत्या?"

भाऊंनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्यानेच विचारलं, "क्यों भाऊ, इधर भी ओले गिरे थे क्या?"

"नाय नाय," भाऊ म्हणाले. "गारा विहिरीपोतच पडल्या. इकडं नुसतं पाणी." माझ्याकडे न बघता म्हणाले. मानेवर घाम आला होता.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, खरं काय ते सांगा. मी तसं लिहीन."

मला भयंकर राग आला होता. ओठांवर सगळं होतं, त्यांचे कापलेले घड, नाल्यातले क्रेट, ती पुरणपोळीसुद्धा. एक वाक्य बोलले असते तर पलीकडची गाडी रिकामी परत गेली असती. न बोलले तर माझ्या निम्म्या बागेवर कधी गार पडलीच नव्हती असं होणार होतं. लोक म्हणतात मी त्यांच्यासाठी सोडून दिलं. तसं नाही. त्या परक्या माणसापुढे आपण दोघांनी एकमेकांना खोटं पाडायचं, हे मला सोसलं नाही. आणि खरं सांगायचं तर मनात अजूनही हेच होतं की उद्या सकाळी ते बोलतील.

"ते म्हणतात ते बरोबर आहे," मी म्हटलं. "विहिरीपर्यंतच पडल्या."

बाईंनी तसं लिहून घेतलं. मी सही केली, भाऊंनीही केली. व्यापारी परत गेला, मागून बायकांचा गलका पुन्हा सुरू झाला.

सरकारी मदत बऱ्याच महिन्यांनी आली, लिहिलं होतं तेवढ्याच क्षेत्राची. ते माझंच बोलणं, त्याबद्दल कुठे रडायचं? भाऊंचा माल चांगला गेला. मी वाट पाहिली. सकाळी विहिरीवर जाऊन उगाच भांडी आपटली, मजूर बायकांना मोठ्याने हाका मारल्या. पलीकडून काही नाही. ज्याने आपल्याला बुडवलं त्याच्याशी माणूस भांडून बोलायला लागतो. पण आपण ज्याला बुडवलं आणि ज्याने वर आपली अब्रू राखली, त्याच्याशी बोलायचं तरी काय? हे मला त्या दिवशी बांधावर कळलं असतं तर मी खरं बोलले असते. भांडण तरी राहिलं असतं.

उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर त्यांनी बांधाच्या कडेने पुरुषभर उंचीची हिरवी जाळी लावली. धुळीसाठी, असं त्यांच्या बायकोने बाजारात कोणाला तरी सांगितलं. आता उन्हं तिरपी असली की जाळीवर माणसाची सावली पडते. भाऊंची मी ओळखते, ते डाव्या पायावर जरा झुकून चालतात. परवा मी जाळीजवळच काडी बांधत होते. सावली आली, थांबली. मी म्हटलं, "भाऊ, यंदा काडी चांगली हाय का तुमची?" जाळी पातळ आहे, ऐकू न जाण्यासारखं काही नव्हतं. सावली थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग पाय न वाजवता मागे सरकली.