नऊ नंबरच्या आधी लागलेली ट्यूब

आधीच एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला भोळा समजायला नको. भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं काहीही मी मानत नाही. रस्त्यात उतारा दिसला तर लोक लांबून वळसा घालतात, मी त्यातला नारळ चांगला आहे का ते बघतो. यावरून बायकोची पुष्कळ बोलणीही खाल्ली आहेत. तरीही गेल्या जूनमध्ये राहात्यात भर दुपारी जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाला घाबरवायचं म्हणून नाही लिहीत, आभार मानायचे आहेत. कुणाचे मानायचे, ते मात्र मलाच विचारू नका.

माझा धंदा थ्रीडी फिल्म बनवण्याचा. घरातल्या पुढच्या खोलीत एक संगणक, एक खुर्ची, झाला स्टुडिओ! एप्रिलमध्ये ठिबक सिंचनाची फिल्म करायला मिळाली. थेंब नळीतून निघतो, मातीत मुरतो, पेरूच्या मुळाशी पोचतो... बघायला पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत हजारो चित्रं असतात आणि एकेक चित्र संगणकाला बसून रंगवावं लागतं. त्याला रेंडरिंग म्हणतात. माझ्या एकट्या मशीनला वर्षभर लागलं असतं.

यावर उपाय म्हणजे इर्जिक. एकाच्या रानात सगळ्यांची औतं एकाच दिवशी जुंपायची आणि नांगरट उरकून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. संगणकांचीही तशी इर्जिक घालता येते. एक सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर बसवायचं, मग ती आपसात चित्रं वाटून घेतात. प्रश्न होता तो मशीन आणायची कुठून याचा.

माझी मुलगी जुई कर्णबधिर मुलांच्या शाळेत आठवीत आहे. शाळेच्या लॅबमध्ये अठरा संगणक, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नुसते झाकून ठेवलेले असतात. मोठ्या बाईंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, पण दोन अटी घातल्या. शाळा उघडायच्या आत सगळं काढून लॅब होती तशी करून द्यायची. आणि दुसरी अट —

"नऊ नंबरला लोंढे सरांचे व्हिडिओ आहेत. दुसरी कॉपी नाही. तेवढं जपा."

लोंढे सर शाळेत सुतारकाम शिकवायचे. स्वतः जन्मापासून ऐकू न येणारे. पण त्यांचं खरं काम खुणांचं होतं. पुस्तकातल्या खुणा वेगळ्या, आणि इथल्या पोरांच्या घरात, रानात, बाजारात चालणाऱ्या वेगळ्या. पाटाला पाणी आलं याची खूण, उसाच्या मोळीची खूण, पेरूला पोपट लागले याची खूण... अशा शेकडो खुणा सरांनी गोळा केल्या आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः करून ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी सर गेले. जुई तेव्हा चार दिवस नीट जेवली नव्हती.

"काळजीच करू नका बाई," मी म्हणालो. "माझं सॉफ्टवेअर दुसऱ्या फोल्डरला हातही लावत नाही." खरं तर ते व्हिडिओ तिथल्या तिथे कॉपी करून ठेवायचं काम अर्ध्या तासाचं होतं. पण शहाण्याला कोण सांगणार!

अठरा मशीनवर एकेक करून सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे प्रत्येकासमोर बसून नेक्स्ट, नेक्स्ट, ओके करत राहायचं. त्यापेक्षा मी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. माझ्या लॅपटॉपवरून ती चालवली की सगळीकडे सॉफ्टवेअर गुपचूप बसतं. समोर माणूस लागत नाही, मशीन काही विचारत नाही. याला अनअटेंडेड इन्स्टॉल म्हणतात. पण यात एक खोड आहे. कुठे बिनसलं तरी ते तितकंच गुपचूप बिनसतं. नऊ नंबरच्या डिस्कवर सरांचे व्हिडिओ इतके होते की माझ्या सॉफ्टवेअरला जागाच उरली नव्हती. ते तिथे बसलंच नाही आणि तसं बोललंही नाही. महिनाभर सतराच मशीन राबत होती. काम वेळेत होत होतं, मग मोजतंय कोण?

फिल्म झाली, पास झाली. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला मी लॅबमध्ये गेलो. किल्ली शाळेच्या शिपाई सिंधूमावशींकडे. त्यांनी दार उघडलं, खिडक्या उघडल्या आणि चहा ठेवायला गेल्या. उजेड भरपूर होता, म्हणून ट्यूब मी लावलीच नाही. हे नीट लक्षात ठेवा.

आता सॉफ्टवेअर काढायची स्क्रिप्ट. तीही तशीच, न विचारणारी. एकेका मशीनला विचारायचं की सॉफ्टवेअर कुठे बसलंय, उत्तर स्क्रीनवर दाखवून दहापासून उलटं मोजायचं, मग ते फोल्डर डी ड्राइव्हवरून समूळ पुसायचं, पुढच्या मशीनकडे जायचं. पहिली चार मशीन साफ होताना मी बघितली. मस्त चाललं होतं. तेवढ्यात मावशींची हाक आली, "ओ जुईचे पप्पा, चहा गार व्हतोय!" लॅपटॉप दाराजवळच्या टेबलावर तसाच सोडून मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. पाठ लॅबकडे.

मावशी त्यांच्या भाच्याच्या लग्नाचं सांगत होत्या. माझा चहा निम्मा झाला असेल, आणि आतून बटणाचा आवाज आला... खट. मग पुन्हा खट. मग तिसऱ्यांदा.

या शाळेत हाक मारून उपयोग नसतो. कुणाचं लक्ष वेधायचं तर दाराजवळचं बटण दाबतात. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. म्हणजे इकडे बघा. पहिलीच्या पोराला अक्षरांच्या आधी हे शिकवतात. मी वळलो तर लॅबमधली ट्यूब लागलेली होती.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोन असंल? शाळा बंद हाय न्हवं?" मावशी म्हणाल्या. "पन दिवा लागला ना, मग बगा की तिकडं. इथं दिवा लागला की आमी आदी बगतो, मग इचारतो."

मी दारात आलो. खोलीत कुणी नाही. नजर सहज लॅपटॉपवर गेली. स्क्रीनवर नऊ नंबरची ओळ होती. काढायचं ठिकाण: डी ड्राइव्ह. आणि त्याच्या पुढे... काहीच नाही. सॉफ्टवेअर तिथे बसलंच नव्हतं, म्हणून फोल्डरचं नाव कोरं आलं होतं. नाव कोरं म्हणजे अख्खा डी ड्राइव्ह पुसायचा. सरांच्या सगळ्या व्हिडिओंसकट, काहीही न विचारता. उलटी मोजणी चालू होती. चार... तीन...

चालू काम थांबवणारं कंट्रोल-सी कसं दाबलं ते मला आठवत नाही. मोजणी दोनवर थांबली होती एवढं आठवतं. त्यानंतर मी त्याच टेबलाला टेकून खाली फरशीवर बसलो. मावशी पाणी घेऊन आल्या, काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, पण यातलं सगळं कळलं.

"सरांचं समदं गेलं असतं म्हना की," त्या एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

आता तुमचे प्रश्न. लूज कनेक्शन? मलाही तेच वाटलं. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या वायरमनकडून बोर्ड खोलून घेतला. सगळं घट्ट होतं. शिवाय कनेक्शन ढिलं असेल तर ट्यूब लुकलुकते, बटण खाली दाबलं जात नाही. मी गेलो तेव्हा ते दाबलेलं होतं. लाइट गेली-आली म्हणावं, तर पंखा एकसारखा फिरत होता. मावशी माझ्यासमोर उभ्या, दार एकच, ते त्यांच्या नजरेच्या टप्प्यात. खिडक्यांना गज. माझा भ्रम म्हणाल, तर आवाज मावशींनीही ऐकला होता. पाल, उंदीर, मांजर... बटणं इतकी कडक आहेत की मला अंगठा लावावा लागतो. सगळं धरून पाहिलं. एकही गोष्ट बसत नाही.

उरलेली मशीन मी हाताने साफ केली. एकेकासमोर बसून, त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन. नऊ नंबरचे व्हिडिओ तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतले आणि संध्याकाळी बाईंना फोन करून माझी चूक जशीच्या तशी कबूल केली. मला वाटलं आता पूजा बांधली जाणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही वळून बघितलंत, हे बरं केलंत."

ते सर होते असं मी म्हणणार नाही. अजूनही मी काही मानत नाही, आणि बायको हसते तरी माझं तेच म्हणणं आहे. कोण होतं, होतं की नव्हतं, मला माहीत नाही. फक्त जे काही होतं, त्याचे माझ्यावर फार मोठे उपकार आहेत.

कारण घरी आल्यावर ते फोल्डर मी पहिल्यांदा नीट उघडलं. खुणांच्या खाली एक वेगळाच व्हिडिओ होता. सर हजेरी घेत होते. प्रत्येक मुलाला त्यांनी स्वतः ठरवून दिलेली नावाची खूण, एकामागून एक. खूण करायची, थांबायचं, समोर बघायचं, मग पुढची. मी जुईला बोलावलं. ती माझ्या खुर्चीत मांडी घालून बसली. सात-आठ नावं गेली. मग सरांनी चिमूट नाकाशी नेली आणि बोटं हळूच उमलवली. जुईचं फूल. आणि ते थांबले, समोर बघत.

माझ्या पोरीने पाठ ताठ केली आणि हात वर केला. हजर.