म्हशीच्या आंबोणातली गोळी

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी काचेच्या बशीत पेशी वाढवते, स्तनाच्या कर्करोगाच्या. पेशीत कॅल्शियम शिरलं की तिला निरोप मिळतो, 'वाढ, एकाची दोन हो.' तो निरोप अडवायचा कसा, हे माझं काम. पवनानगरच्या मावशीचं स्तनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिला धीर यावा म्हणून मी हे सगळं सांगून बसले. कसला डोंबलाचा धीर!

पुढं एका रविवारी कामशेतहून जीपनं तिच्याकडं गेले. मावशी गोठ्यात होती. डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी म्हशीच्या आंबोणात कुस्करत होती.

"अगं मावशी, ती तुझी गोळी!"

"व्यायल्यावर ही बसली हुती, उठंना. गुरांच्या डाक्टरनं कॅल्शियमची बाटली लावली, आन् राह्यली की उभी! येवढ्या धुडाला जोर येतोय, मंग माज्या उरल्यासुरल्या गाठीला येनार न्हाई व्हय? तूच म्हनलीस."

मी कपाळाला हात लावला. कॅल्शियमच्या धास्तीनं मावशीनं दूध सोडलं होतं, नाचणी सोडली होती, खाचरातले खेकडेसुद्धा सोडले होते. कर्करोगाच्या रोजच्या गोळीनं हाडं ठिसूळ होतात, म्हणून ही दुसरी गोळी. हाडातलं कॅल्शियम वेगळं, पेशीतला निरोप वेगळा, असं मी चिडून सांगत सुटले.

"कॅल्शियम दोन असत्यात व्हय?"

"नाही गं, एकच. पण पेशीत ते फार झालं तर पेशी मरतेसुद्धा."

"म्हंजे वाढवतंय बी आन् मारतंय बी? कवा काय, ते कसं कळायचं?"

आमची अख्खी प्रयोगशाळा त्याच घोळात आहे. मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काहीही बंद करू नका, गोळी आजपासून सुरू करा.

मावशीनं दोन गोळ्या काढल्या. एक माझ्या तळहातावर ठेवली.

"आदी तू खा."

साधी गोळी. माझी आई रोज घेते. तरी माझा हात तोंडाजवळ क्षणभर अडला. का, ते मला अजून कळलेलं नाही. मावशीनं ते पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं गोळी गिळली, पण उशीर झाला होता.

"तुलाबी समजंना व्हय?" तिनं विचारलं.

"नाही गं, मलाही नाही समजत," मी म्हणाले. मला रडूच आलं.

"मंग बरं. मला वाटलं, मी एकलीच."

आणि तिनं तिची गोळी तोंडात टाकली.