स्कॉलरशिपवाले भाऊ आणि घाटाखालचा फोन

आमच्या कॉलेजचे स्कॉलरशिपवाले भाऊ कॉम्प्युटरला शिव्या घालायचे. खऱ्याखुऱ्या, मोठ्यांदा, बैल अडल्यावर घालतात तशा! वेबसाइटचं ते गोल चक्र फिरायला लागलं की खिडकीतून आवाज यायचा, "अय राव, घाण्याला जुपलंय का तुला?" रांगेत आम्ही हसून मरायचो.

भाऊ निमगाव सावाचे, स्वतः सरकारी फीमाफीवर शिकलेले. त्यामुळे रांगेला इतिहासाचा तास फुकट. "आमच्या टायमाला तलाठ्याचा दाखला दिला की फी माफ. मग चेक आला, मग बँकेचं खातं, आता आधार आन ओटीपी. दर सरकारनं पोरांची सोय केली, आन दर सोयीला पोरांच्या चकरा वाढल्या!"

मग माझ्या मैत्रिणीचं, सोनालीचं झालं. ती लोणीची, घरी मेंढरं. तिच्या आधारला नंबर वडिलांचा. आमच्याकडं असंच असतं, अख्ख्या घराच्या आधारला एकच नंबर! आणि वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात. अर्जाचा शेवटचा दिवस, ओटीपी त्यांच्या फोनवर, फोनला रेंज नाही. आणि स्कॉलरशिप नाही तर फी नाही, फी नाही तर परीक्षा नाही!

भाऊ म्हणाले, "बस गाडीवं, सोने." दोघं माळशेज उतरले, विचारत विचारत मेंढरांपाशी पोचले. वडील घाबरलेच. "भाऊ, पोरीनं काय केलं का?"

"तिनं न्हाई पावणं, सरकारनं केलंय. फोन द्या आधी."

फोन घेऊन परत घाट चढले, रेंज आली, सोनालीनं स्वतःच्या मोबाइलवर अर्ज उघडला, वडिलांच्या फोनवर ओटीपी आला, तिनं टाकला. चक्र फिरलं, फिरलं, फिरलं. मग लाल अक्षरं: मुदत संपली.

सोनालीचं वर्ष गेलं. सध्या ती नारायणगावला टोमॅटो निवडते. मी तक्रारीवर तक्रारी टाकल्या, दरवेळी तेच उत्तर, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' कुठं काढली?? कुणी??

जूनमध्ये भाऊंचं कंत्राट संपलं, खिडकी कायमची बंद. ते निघाले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही लई केलं तिच्यासाठी." ते चिडलेच. "काय केलं? माझ्या फीसाठी माझ्या बापाला कुणी हुडकत फिरलं नव्हतं गं. गरजच पडली न्हाई!"

आणि किक मारून तडक नारायणगावला गेले, सोनालीला आधार केंद्रावर नेऊन तिच्या आधारला तिचाच नंबर घालायला.